‘मानवतावाद’ नावाचा पडदा: जपानी सिनेमा, मराठी सिनेमा आणि आपली समीक्षा

मराठी चित्रपटाविषयी गांभीर्याने लिहिणाऱ्यांच्या परिभाषेत ‘मानवतावादी’ या विशेषणाइतके सैलपणे वापरले गेलेले दुसरे विशेषण सापडणे कठीण आहे. २००४ साली ‘श्वास’ आला, राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला, भारतातर्फे तो ऑस्करच्या स्पर्धेसाठी पाठवला गेला, आणि तेव्हापासून दर वर्षी एखाददुसऱ्या मराठी चित्रपटाच्या कपाळी हे विशेषण लावण्याची रीत पडली. त्याच्या मागोमाग ‘वैश्विक’ आणि ‘संयत’ हे दोन शब्द येतात. या तिहींना एकत्र बांधणारा आधार म्हणून बहुधा जपानी सिनेमाकडे बोट दाखवले जाते: ओझूची शांतता, कुरोसावाची करुणा, अलीकडे कोरेएदाची कोवळीक. या उपमांना कोणी हरकत घेत नाही, कारण त्या गौरवाच्या आहेत. प्रस्तुत लेखात ती हरकत घ्यावयाची आहे. हे विशेषण मराठी चित्रपटावर अन्याय करते, जपानी चित्रपटावर तर अधिकच करते, आणि समीक्षकाला मात्र एका अवघड कामातून मोकळे करते, असे माझे म्हणणे आहे.

ते काम कोणते हे आधी पाहू. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद अशा दोन भूमिकांची जी मांडणी केली, तिच्याशी या पानांचे वाचक परिचित आहेत. कलाकृतीचा अर्थ जगण्याच्या इतर व्यवहारांशी जोडूनच लागतो असे मानणारा एक पक्ष; कलानुभव त्या व्यवहारांहून वेगळा आणि स्वायत्त असतो असे मानणारा दुसरा. मर्ढेकरांनंतर साहित्यसमीक्षेत दुसऱ्या पक्षाचा दबदबा बराच काळ राहिला. साठोत्तरी साहित्याने, विशेषतः दलित साहित्याने, त्याला तडे दिले. चित्रपटसमीक्षेत मात्र गंमत अशी झाली की अलौकिकतावाद पुढच्या दाराने आलाच नाही. लौकिकतावादाचा वेष घेऊन तो मागल्या दाराने आत आला. ‘मानवतावादी’ हा शब्द कानी पडताच वाटते की समीक्षक समाजाविषयी बोलतो आहे, दुःखितांच्या बाजूने उभा आहे. प्रत्यक्षात तो पडद्यावरच्या माणसाला त्याच्या गावापासून, जातीपासून, मजुरीच्या दरापासून, सातबाऱ्यापासून सोडवून ‘माणूस’ या निर्गुण पदावर नेऊन बसवत असतो. एकदा तेथे बसवले की त्या माणसाविषयी विचारण्यासारखे काही उरत नाही. त्याच्यासाठी गहिवरणे तेवढे उरते.

याला कोणी म्हणेल, मानवतावादाचा एवढा दुस्वास कशासाठी? तो शब्द मराठीत काही आयता आलेला नाही. फुल्यांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्मा’पासून मानवेंद्रनाथ रॉय यांच्या नवमानवतावादापर्यंत आणि रॉय यांच्या विचाराला मराठीत ज्यांनी रुजवले त्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींपर्यंत त्याला एक वंशावळ आहे. बाबूराव बागुलांनीही दलित साहित्याची भूमिका मांडताना माणूस हेच केंद्र ठरवले. हरकत त्या मानवतावादाला नाहीच. फुल्यांचा माणूस हा कुणबी आहे, त्याच्यावर कर आहे, त्याच्या दारी भट आहे, त्याच्या कागदावर कुलकर्ण्याची लेखणी आहे. बागुलांचा माणूस झोपडपट्टीत राहतो आणि तेथील गुंडाचे नाव त्याला ठाऊक असते. या परंपरेत ‘माणूस’ म्हणणे म्हणजे त्याला माणूस होऊ न देणाऱ्या व्यवस्थेचे नाव घेणे. चित्रपटसमीक्षेतला मानवतावाद हे नाव घेणे टाळतो, आणि टाळण्यालाच संयम म्हणतो.

आता जपानकडे वळू, कारण सर्वांत मोठा गैरसमज तेथेच आहे.

कुरोसावाचा ‘इकिरू’ (१९५२) हा आपल्याकडे मानवतावादाचा आदर्श पाठ मानला जातो. मृत्यूच्या छायेत एका सामान्य माणसाला जगण्याचा अर्थ सापडतो, असे त्याचे सार फिल्म सोसायट्यांच्या पत्रिकांतून सांगितले गेले. ते खोटे नाही, पण चित्रपट ज्यावर उभा आहे ते सारे त्यातून गळून गेले. वातानाबे हा नगरपालिकेच्या नागरी विभागाचा प्रमुख आहे. वस्तीतल्या बाया सांडपाण्याच्या डबक्याची तक्रार घेऊन येतात. मुलांना पुरळ उठते, डास होतात. त्यांना एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे, उद्यान विभागाकडून आरोग्य विभागाकडे, तेथून सांडपाणी विभागाकडे धाडले जाते आणि शेवटी त्या पहिल्याच खिडकीशी परततात. हा सगळा फेरा कुरोसावा एका मागून एक तोडीत दाखवतो. वातानाबेला सापडलेला ‘जगण्याचा अर्थ’ म्हणजे ते डबके बुजवून तेथे मुलांसाठी बाग करणे. त्यासाठी तो वरिष्ठांच्या दारात मान खाली घालून बसतो. चित्रपटाचा नायक शेवटाच्या बराच आधी मरतो. उरलेला मोठा भाग त्याच्या शोकसभेचा आहे. तेथे दारू पिऊन सहकारी त्याच्या कामाचे श्रेय कोणाचे यावर वाद घालतात, त्याच्यासारखे वागण्याच्या शपथा घेतात, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात पुन्हा तीच खिडकी, तेच उत्तर. चित्रपटाला करुणा आहे, पण ती कचेरीच्या जमाखर्चात घातलेली आहे. ज्या देशात फाइल हा शब्द गाऱ्हाण्याचा समानार्थी झाला आहे, तेथील समीक्षकांनी ‘इकिरू’तून फाइल वगळावी आणि मृत्यूचे तत्त्वज्ञान ठेवावे, हे अभ्यास करण्याजोगे आहे.

ओझूच्या ‘तोक्यो मोनोगातारी’चे (१९५३) तेच. म्हाताऱ्या आईबापांकडे मुलांचे दुर्लक्ष, ही त्याची ‘वैश्विक’ कथा. पण थोरला मुलगा उपनगरात दवाखाना चालवणारा साधा डॉक्टर आहे, मुलीचे केशभूषेचे दुकान तिच्या घरातच आहे, आईबापांना ठेवायला जागा नाही म्हणून त्यांना आतामीच्या स्वस्त विश्रामगृहात धाडले जाते आणि तेथील रात्रभरच्या गोंगाटात त्यांना झोप लागत नाही. आईच्या मृत्यूनंतर मुलगी आठवण म्हणून तिची वस्त्रे मागते. युद्धातून सावरणाऱ्या शहरातल्या छोट्या व्यावसायिकांच्या चौरस फुटांचा आणि वेळेचा तो हिशेब आहे. ओझू कोणालाही दुष्ट ठरवत नाही, याचे कारण तो क्षमाशील आहे एवढेच नाही. दोष कोठे शोधायचा हे त्याला कळलेले आहे.

कोरेएदाविषयी तर बोलायलाच नको. त्याच्यावर आपल्याकडे जेवढा मध ओतला गेला तेवढा कोणावर नसेल. ‘दारे मो शिरानाई’ (२००४) ही १९८८ साली तोक्योच्या सुगामो भागात उघडकीस आलेल्या प्रकरणावरून सुचलेली गोष्ट. आई निघून गेली, मुले घरात एकटी राहिली. त्या मूळ प्रकरणातल्या मुलांच्या जन्माची नोंदच झालेली नव्हती. नोंद नाही म्हणजे शाळा नाही, आणि शाळा नाही म्हणजे मूल कोणाच्या नजरेस पडायचे कारण नाही. जपानी समाजात कुटुंबाच्या नोंदवहीला जे स्थान आहे ते समजून न घेता हा चित्रपट निव्वळ ‘बालपणाचे हळवे चित्रण’ होतो. कानच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा ‘मानबिकी काझोकु’ (२०१८) घ्या. हे ‘कुटुंब’ आजीच्या निवृत्तिवेतनावर चालते. ती मेली तेव्हा तिला घरातच पुरून वेतन घेणे चालू ठेवले जाते. पुरुष बांधकामावर रोजंदारीने जातो, त्याला तेथे दुखापत होते आणि भरपाई मिळत नाही. बाई धुलाईच्या कारखान्यात आहे. दोघींपैकी एकीलाच ठेवायचे असे मालक ठरवतो आणि कोण जायचे हे त्या दोघींनीच आपसात ठरवावे असे सांगतो. रक्ताच्या नात्यापलीकडचे प्रेम वगैरे जे काही या चित्रपटाविषयी लिहिले गेले ते सारे या वेतनाच्या, भरपाईच्या आणि कपातीच्या पायावर उभे आहे. पारितोषिकानंतर सरकारकडून सन्मानाचा प्रस्ताव आला तेव्हा कोरेएदाने, सार्वजनिक सत्तेपासून अंतर राखण्याची आपली भूमिका सांगून, तो नम्रपणे नाकारला. आपल्याकडील त्याच्या चाहत्यांनी ही वार्ता वाचली; मात्र तिचा त्याच्या चित्रपटाशी काही संबंध असेल असे त्यांना वाटले नाही.

तेव्हा जपानी सिनेमाच्या ज्या मानवतावादाचा दाखला आपण देतो, तो नोंदवही, निवृत्तिवेतन आणि नगरपालिका यांच्याशी झोंबणारा आहे. चिए हायाकावाचा ‘प्लान ७५’ (२०२२) याच वाटेने पुढे जातो. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना सरकारी योजनेतून स्वेच्छामरण देऊ केलेले आहे आणि या योजनेची कचेरी अत्यंत सौजन्यशील आहे. तेथील टेबलावरचे हसू पाहून अंगावर काटा येतो. ओशिमाने तर १९६८ मध्येच ‘कोशिकेई’त फाशी देऊनही न मेलेल्या एका कोरियन तरुणाभोवती तुरुंगाधिकारी, धर्मोपदेशक आणि सरकारी वकील यांना उभे करून ‘माणूस’ या शब्दाचाच पंचनामा केला होता.

पण जपानी सिनेमा म्हणजे अपराधमुक्त आदर्श, असे मला म्हणायचे नाही. उलट जेथे तो आपल्या समीक्षकांना हवा तसा ‘मानवतावादी’ होतो तेथेच तो लंगडतो, आणि जातीच्या देशात राहणाऱ्या आपल्याला ते आधी दिसायला हवे होते. योजिरो ताकिताचा ‘ओकुरिबितो’ (२००८) आठवावा. वाद्यवृंद बंद पडल्यामुळे बेकार झालेला सेलोवादक गावी परततो आणि प्रेतांना न्हाऊमाखू घालून पेटीत ठेवण्याचे काम पत्करतो. बायकोला कळते तेव्हा ती त्याच्या स्पर्शाने दचकते, त्याला अमंगळ म्हणते. मित्र तोंड फिरवतो. पुढे त्या विधीचे सौंदर्य पाहून सर्वांची मने पालटतात. चित्रपटाला ऑस्कर मिळाले. आता, मृतदेह, कातडे आणि कत्तल यांच्या कामावरून ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या विटाळ मानले गेले तो बुराकुमीन समाज जपानमध्ये आहे. १८७१ च्या फर्मानाने कायद्याने तो भेद संपला, १९२२ साली क्योतोत ‘सुइहेइशा’ ही त्यांची संघटना उभी राहिली, आणि विवाह व नोकरी यांतला भेद त्यानंतरही चालू राहिला. ‘ओकुरिबितो’त हा शब्द नाही. विटाळ आहे, विटाळाचा इतिहास नाही. किळस ही एका बायकोची मनःस्थिती म्हणून येते आणि संगीताने निवळते. आपल्या समीक्षेने याच चित्रपटाला डोक्यावर घ्यावे यात नवल कसले?

जपानला हा विषय मांडताच आला नाही असे नव्हे. शिमाझाकी तोसोनच्या ‘हाकाई’ (१९०६) या कादंबरीवर किनोशिताने १९४८ मध्ये आणि इचिकावाने १९६२ मध्ये चित्रपट केले. आपले मूळ कोणालाही सांगू नकोस हे बापाचे वचन पाळत जगणाऱ्या शिक्षकाची ती गोष्ट. बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाची शीर्षककथा वाचलेल्या मराठी वाचकाला ती परकी वाटू नये. परक्या गावी नोकरी आणि भाड्याची खोली यांसाठी जात झाकून राहणाऱ्याचा जो कोंडमारा बागुलांनी लिहिला, त्याचा चुलत भाऊ तोसोनच्या पुस्तकात भेटतो. तादाशी इमाईने १९६९-७० मध्ये ‘हाशी नो नाई कावा’ दोन भागांत केला तेव्हा दुसऱ्या भागावर बुराकू मुक्ती संघटनेनेच आक्षेप घेतला आणि प्रदर्शनाला विरोध केला. तो वाद मुळातून अभ्यासण्याजोगा आहे. चांगल्या हेतूने केलेल्या चित्रणातली करुणा चित्रिताला मान्य असेलच असे नाही, एवढे तरी त्यातून कळते. ‘राशोमोन’वर मराठीत जेवढी शाई खर्ची पडली तिच्या शतांशानेही हा वाद आपल्या अभ्यासक्रमांत शिरलेला नाही.

आणि आता ‘ओकुरिबितो’च्या शेजारी बार्शीच्या विनोद कांबळे यांचा ‘कस्तुरी’ (२०१९) ठेवून पाहा. राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला. गोपी हा शाळकरी मुलगा. सफाईचे आणि शवविच्छेदनाला हात देण्याचे घरचे काम त्याच्यावर येऊन पडते; अंगाला लागलेला वास जाईना म्हणून तो कस्तुरीच्या अत्तराच्या शोधात निघतो. दोन्ही चित्रपटांत मृतदेह आहे, स्पर्श आहे, वास आहे. फरक एवढाच, की सेलोवादकाने ते काम जाहिरात वाचून धरले आणि गोपीला ते जन्माने मिळाले. म्हणूनच जपानी चित्रपट विधीच्या सौंदर्याने आपल्याला शांतवू शकतो, आणि गोपीच्या बाबतीत सौंदर्य हा उपायच नाही. अत्तर हा त्या उपायाचा उपहास आहे. हा फरक ज्याला दिसतो तो समीक्षक दोन्ही चित्रपटांना एकच विशेषण लावू शकणार नाही.

‘परफेक्ट डेज’ने (२०२३) तर आपल्या अभिरुचीची परीक्षाच घेतली. दिग्दर्शक जर्मन, विम वेंडर्स. पण चित्रपट तोक्योचा, जपानच्या वतीने ऑस्करला गेलेला, आणि कोजी याकुशोला कानमध्ये अभिनयाचे पारितोषिक मिळवून देणारा. हिरायामा शिबुयातील सार्वजनिक शौचालये साफ करतो, झाडांची छायाचित्रे काढतो, कॅसेटवर जुनी गाणी ऐकतो, रात्री वाचून झोपतो. ती शौचालये नामवंत वास्तुरचनाकारांनी घडवलेल्या एका प्रकल्पातली आहेत आणि चित्रपटाची कल्पनाही त्या प्रकल्पाच्याच पुढाकारातून निघाली. मध्येच हिरायामाची बहीण चालक असलेल्या मोटारीतून येते. तेव्हा कळते की या गृहस्थाने हे जीवन निवडलेले आहे. साध्या जगण्यातल्या परिपूर्णतेचे हे स्तोत्र आपल्याकडच्या सुशिक्षित प्रेक्षकाला फार आवडले. आवडो, याकुशोचा अभिनय खरोखरच थोर आहे. पण हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध जेथे १९९३ मध्ये एकदा आणि २०१३ मध्ये दुसऱ्यांदा कायदा करावा लागला, आणि तरीही गटारात गुदमरून माणसे मरतच राहिली, त्या देशातल्या प्रेक्षकाने संडास घासण्यातील ध्यानस्थ शांतीचे कौतुक करताना क्षणभर अडखळायला नको काय? सफाईच्या कामाचे उदात्तीकरण हे आपल्याकडे नवे नाही. ज्यांच्यावर ते काम लादले गेले त्यांना ते कसे ऐकू येते हे विचारण्याची चाल मात्र आंबेडकरी चळवळीने पाडली, आणि ती चित्रपटाच्या पानांपर्यंत अजून पोचलेली नाही.

त्याच गटाराचा मराठी चित्रपट आपल्याकडे आधीच झाला होता. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) वासुदेव पवार या गटार-कामगाराच्या मृत्यूवरून लोकशाहीर नारायण कांबळेवर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा खटला भरला जातो, म्हणे त्याच्या गाण्याने हे घडले. नागपूरच्या चळवळीतले वीरा साथीदार (२०२१ मध्ये ते गेले) यांनी कांबळेची भूमिका केली. ‘कोर्ट’च्या गौरवात एक मुद्दा हटकून आला: दिग्दर्शक कोणालाही खलनायक करत नाही, वकील, सरकारी वकील आणि न्यायाधीश या सर्वांना तो ‘माणूस म्हणून’ पाहतो. कॅमेरा त्यांच्या घरी जातो, बाजारात जातो, सहलीला जातो, हे खरे. परंतु मृताच्या पत्नीची साक्ष आठवा. उतरण्यापूर्वी नवरा गटारात खडा टाकून पाहायचा, झुरळ बाहेर आले तर आत हवा आहे असे समजायचा. सुरक्षेची साधने नव्हती. त्याचा एक डोळा गेलेला होता. ही माहिती इतक्या कोरड्या स्वरात येते की न्यायालयाच्या कामकाजात ती आणखी एक नोंद होऊन जाते. नंतर वकील तिला मोटारीने सोडायला जातो आणि पैसे देऊ करतो. ती ते नाकारते आणि काही काम असेल तर सांगा म्हणते. मानवतावाद आणि त्याचा प्रतिवाद त्या मोटारीत शेजारी शेजारी बसलेले आहेत. देणारा भला आहे. तिला मात्र दान नको, रोजगार हवा आहे. या प्रसंगावर समीक्षेने थांबावे, असे मला वाटते. समीक्षा थांबली ती न्यायाधीशाच्या सुटीवर, कारण तेथे ‘मानवी स्वभाव’ सापडतो.

‘फँड्री’च्या (२०१३) वाट्याला आलेला गौरव अधिक उद्बोधक आहे. नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटातली जब्याची शालूवरची माया ही कोवळ्या वयातली ‘वैश्विक’ प्रीती म्हणून वाखाणली गेली. जणू जब्या कैकाडी नसता, बाप कचरू गावची डुकरे पकडत नसता, तरी गोष्ट तीच राहिली असती! डुकराचा पाठलाग ऐन रंगात असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते, कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर निघून जाते. नंतर ते मेलेले डुक्कर खांद्यावर घेऊन बापलेक शाळेच्या भिंतीवरून जातात. त्या भिंतीवर फुले, आंबेडकर, शाहू, गाडगेबाबा यांची चित्रे आहेत. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर येतो. या दगडाचा अर्थ लावताना ‘व्यवस्थेविरुद्धचा आक्रोश’ असे म्हणून मोकळे होणारे परीक्षण त्याच परिच्छेदात चित्रपटाला मानवतावादी म्हणते. म्हणजे दगड कोणावर आला याचा पत्ताच नाही. तो प्रेक्षकावर आला. आणि ज्याला समोरचा प्रेक्षक म्हणून आपण गृहीत धरतो त्या ‘माणसा’वर आला.

या ठिकाणी एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. चित्रपट म्हणजे समाजशास्त्राचे प्रकरण नव्हे. जात, वर्ग, कायदा शोधत बसणारी समीक्षा छायाप्रकाश, लय, संकलन, ध्वनी या सगळ्याला मुकते, असे म्हटले जाते. मुकणारे लेखन पुष्कळ आहे, हे मान्य. पण वरचे दाखले पाहा. ‘इकिरू’तील खिडक्यांचा फेरा हे संकलन आहे. ‘फँड्री’तील राष्ट्रगीताचा प्रसंग ध्वनिपट्टीवर उभा आहे. ‘कोर्ट’मधील दूरस्थ, न हलणारा कॅमेरा हाच त्या साक्षीचा कोरडेपणा आहे. रूपाकडे बारकाईने पाहणाऱ्याला व्यवस्था दिसतेच. ती दिसू नये म्हणून रूपाकडेही न पाहता थेट ‘भावा’कडे जावे लागते. पुण्यात सतीश बहादूर यांनी चित्रपटरसास्वादाचे जे शिक्षण रुजवले त्यात एकेका दृश्याचे वाचन होते. त्या वाचनाचा वारसा सांगणाऱ्यांनी विशेषणे वाटावीत, ही अधोगतीच म्हणायची.

मराठी सिनेमाच्या या करुणेला एक जुना साचाही आहे. प्रभातच्या ‘धर्मात्मा’त (१९३५) पैठणचे एकनाथ अस्पृश्यांना जवळ करतात. सेन्सॉरने ‘महात्मा’ हे मूळ नाव बदलायला लावले, इतका तो त्या काळी झोंबणारा होता. त्याचे धैर्य कमी लेखू नये. पण दृष्टी वरून खाली येणारी आहे: जवळ करणारा कर्ता, जवळ केला जाणारा निमित्त. ‘श्वास’मध्येही, नातवाची दृष्टी जाणार हे कळलेल्या आजोबांचे दुःख कितीही खरे असले, तरी शेवटी शहरातला निष्णात डॉक्टर मनाने किती मोठा होतो याची ती कथा होते. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईच्या आख्यायिकेत देव येतो तो दळू लागायला, शेण्या वेचायला. तेथे करुणेला खुंटा धरावा लागतो. समीक्षेने एकनाथांचा साचा उचलला आणि जनाबाईचा सोडला.

दुष्काळावरच्या चित्रपटांत याची किंमत स्पष्ट दिसते. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये (२००९) नवरा आत्महत्या करील या भीतीने बायको त्याच्यावर पाळत ठेवते, पोराला आणि सासूला त्याच्या मागे लावते. विदर्भातल्या कापसाच्या शेतीत बियाणे, कर्ज आणि पाऊस यांनी घरातल्या प्रत्येकाला पहारेकरी केले आहे, हा त्या चित्रपटाचा काळा विनोद. त्याला ‘शेतकऱ्याच्या वेदनेचे हृदयस्पर्शी चित्रण’ म्हणणे म्हणजे विनोद न कळणे. आदिनाथ कोठारे यांचा ‘पाणी’ (२०१९ च्या पुरस्कारांत पर्यावरणविषयक चित्रपट म्हणून गौरवलेला, प्रदर्शित मात्र २०२४ मध्ये) तर आमच्याच मराठवाड्याचा, नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीचा. तेथील हणमंत केंद्रे यांच्या कामावर आधारलेला. गावाला पाणी नाही म्हणून मुलगी द्यायला कोणी तयार नाही, ही त्याची नस अस्सल आहे. इकडच्या कोणत्याही गावाला ती समजावून सांगावी लागत नाही. पण एका माणसाच्या जिद्दीने पाणी येते या सूत्राला ‘मानवी प्रयत्नांचा विजय’ म्हटले की पाणी कोठे गेले होते हा प्रश्न मिटतो. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते जिद्दीच्या अभावी नव्हे.

हे सारे मी चारठाण्याच्या बाजूने पाहतो आहे, आणि ती बाजू सांगितली पाहिजे. जिंतूर तालुक्यातले हे गाव यादवकालीन देवळांसाठी, पाषाणस्तंभासाठी आणि बारवेसाठी जाणकारांना ठाऊक आहे. अलीकडे बारवांची छायाचित्रे फार निघतात. पायऱ्यांची भूमिती, कोनाड्यांतल्या सावल्या, मध्ये हिरवट पाणी. चौकटीत माणूस नसतो, असलाच तर प्रमाण कळावे म्हणून उभा केलेला. कोणत्या पायरीपर्यंत कोणाला उतरता येत असे, हा प्रश्न त्या छायाचित्राला पडत नाही. १९२७ साली महाडच्या तळ्यावर तो विचारला गेला होता तरी. मानवतावादी समीक्षेची चौकट नेमकी अशीच आहे. फरक इतकाच, की तेथे गाव वगळून दगड ठेवतात आणि येथे गाव वगळून माणूस ठेवतात. चारठाण्याचा प्रेक्षक पुण्या-मुंबईच्या महोत्सवात बसलेला नाही. ‘कोर्ट’ किंवा ‘गाभ्रीचा पाऊस’ त्याच्यापर्यंत चित्रपटगृहातून पोचण्याची सोय आपण कधी केली नाही. त्याच्या जगण्याला ‘वैश्विक’ म्हणून मान्यता देण्याचा अधिकार मात्र आपण आपल्याकडे ठेवून घेतला आहे.

माझे म्हणणे विद्यापीठांतल्या मराठी विभागांत चित्रपट आणि साहित्य हा विषय शिकवणाऱ्यांना आणि त्यावर प्रबंध लिहिणाऱ्यांना उद्देशून आहे. ‘जपानी व मराठी चित्रपटांतील मानवतावाद: एक तौलनिक अभ्यास’ अशा थाटाची शीर्षके नोंदवून घेणे थांबवावे. तुलना करायचीच तर ‘हाकाई’ आणि बागुल यांची करावी, ‘इकिरू’तील नागरी विभाग आणि अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’तील (२०१४) आईची सरकारी कचेरी यांची करावी, कारण पावसाच्या आणि समुद्राच्या कौतुकात त्या कचेरीतल्या कागदांकडे कोणाचे लक्षच गेले नाही, ‘मानबिकी काझोकु’तली रोजंदारी आणि ‘कोर्ट’मधल्या विधवेने मागितलेले काम यांची करावी. आणि मराठवाड्याच्या दुष्काळावरचा पुढचा चित्रपट येईल तेव्हा परीक्षणात गहिवर थोडा कमी पडला तरी चालेल. टँकर कोणाच्या मालकीचा होता आणि तो कोणत्या वस्तीत आधी थांबत होता, एवढे त्यात यावे.